उघड्यावरची व्यक्तिचित्रे आणि कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवलेला फ्लॅश : सहा आठवड्यांच्या नोंदी

४ जानेवारी

नात्यातल्या बारा वडीलधाऱ्या माणसांची व्यक्तिचित्रे उघड्यावर, त्यांच्या नेहमीच्या उठण्याबसण्याच्या जागी काढायची, असे ठरवून आज कामाला सुरुवात केली. साधने मोजकी आहेत : फुलफ्रेम कॅमेरा, ८५ मि.मी.ची एफ/१.८ लेन्स, चार पेन्सिल सेलवर चालणारा एक फ्लॅश, तो दुरून उडवणारा साधा रेडिओ ट्रिगर, दोन मीटर उंचीचा स्टँड आणि प्रकाश आरपार जाऊ देणारी, सुमारे एक मीटर व्यासाची पांढरी छत्री. माझ्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड १/२०० सेकंद आहे, म्हणजे फ्लॅश वापरताना शटर त्याहून वेगवान ठेवता येत नाही.

पहिल्या बैठकीला मोठे काका बसले. भर दुपार होती, ऊन समोरून आणि वरून येत होते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत होत्या. त्या उजळाव्यात एवढ्यासाठीच फ्लॅश होता. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) १००, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/११ (एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे भोक मोठे) असे ठेवले आणि स्टँड चौकटीत येऊ नये म्हणून तो तीन मीटरवर उभा केला. फ्लॅश आधी पाव पॉवरवर आणि मग पूर्ण पॉवरवर उडवला, पण चित्रात काहीच फरक दिसेना. ट्रिगर बिघडला अशी माझी समजूत झाली. सेल बदलले, चॅनेल बदलले, ट्रिगर बंद करून पुन्हा सुरू केला आणि यात चाळीस मिनिटे गेली. काका तोवर उन्हात डोळे बारीक करून बसून राहिले होते, याचे मला फार वाईट वाटते.

रात्री संगणकावर १४० चित्रे पाहिली. त्यांतले एकही ठेवण्यासारखे नाही. साधारण दर तिसऱ्या चित्रात फ्लॅश उडलेलाच नाही, कारण पूर्ण पॉवरवर त्याला पुन्हा भरायला चार ते पाच सेकंद लागतात आणि मी त्याआधीच बटण दाबत होतो. दुसरी चूक अधिक मोठी आहे. उन्हात कॅमेऱ्याच्या पाठीवरचा चित्र दाखवणारा पडदा अंधुक दिसत असल्याने चित्र काळे येत आहे असे समजून मी अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंत उघडले होते, त्यामुळे कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक होऊन पूर्ण जळाला आहे. जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय कॅमेऱ्यात होती, ती आज सुरू केली. यापुढे पडद्यावरच्या उजेडावर नव्हे, तर हिस्टोग्रामवरच (चित्रातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) भरवसा ठेवायचा.

५ जानेवारी

ट्रिगर खरोखर बिघडला आहे का, हे पाहण्यासाठी अंधार पडल्यावर अंगणात चाचणी घेतली. फ्लॅश दर वेळी उडाला. म्हणजे दोष ट्रिगरचा नव्हता. भर उन्हापुढे तीन मीटरवरून छत्रीतून आलेला उजेड चित्रात उमटण्याइतका नव्हता.

फ्लॅशमीटर माझ्याकडे नाही, म्हणून एका जाड दोऱ्याला १, १.५, २ आणि ३ मीटरवर गाठी मारल्या. दोऱ्याचे एक टोक छत्रीच्या दांड्याला बांधले, खुर्चीवर करड्या रंगाचे कार्ड ठेवले आणि प्रत्येक गाठीवर पूर्ण पॉवरने, आयएसओ १०० वर, कार्डाचा हिस्टोग्राम मधोमध येईल ते अ‍ॅपर्चर शोधले. ३ मीटरवर एफ/५.६, २ मीटरवर एफ/८ पेक्षा किंचित जास्त, १.५ मीटरवर एफ/११ आणि १ मीटरवर एफ/१६ मिळाले. भर उन्हात १/२०० ला योग्य एक्सपोजर एफ/११ चे येते. म्हणजे काल माझा फ्लॅश उन्हापेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) मागे होता आणि स्टँड अर्ध्या अंतरावर आणला असता तर तो उन्हाच्या बरोबरीला आला असता. ही चाचणी करायला जेमतेम पाऊण तास लागला. हे काम नव्याने करणाऱ्याने माणूस बसवण्याआधी एक संध्याकाळ यासाठी अवश्य काढावी, कारण प्रत्येक फ्लॅशचे आणि प्रत्येक छत्रीचे आकडे वेगळे येतात आणि वेष्टनावर छापलेला गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, छत्रीतून गेलेल्या उजेडाबद्दल काही सांगत नाही.

११ जानेवारी

दोरा घेऊन काकांकडे पुन्हा गेलो. स्टँड दीड मीटरच्या गाठीवर, फ्लॅश पूर्ण पॉवरवर. या वेळी उजेड चेहऱ्यावर स्पष्ट दिसला, पण चित्र विचित्र आले : ऊन डावीकडून आणि फ्लॅश उजवीकडून असल्यामुळे नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सावली पडली आणि चेहरा दोन दिव्यांमध्ये धरल्यासारखा दिसू लागला. फ्लॅशची पॉवर कमी केली तर सावली जाई, पण मग डोळ्यांचा काळोख परत येई. असा अर्धा तास गेल्यावर काका म्हणाले, "अरे, ऊन डोळ्यात जातंय, मी जरा वळून बसू का?" आणि ते खुर्ची फिरवून सूर्याकडे पाठ करून बसले.

या प्रकल्पाला खरे वळण तेथे मिळाले. सूर्य पाठीशी गेल्याबरोबर त्यांचा चेहरा स्वतःच्याच सावलीत आला, कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या, डोळे पूर्ण उघडले, आणि पांढऱ्या केसांभोवती व खांद्याच्या कडेवर उन्हाची एक लखलखीत रेघ उमटली. आता फ्लॅशला उन्हाशी बरोबरी करायची नव्हती. त्याला केवळ सावलीतला चेहरा उचलायचा होता. पूर्ण पॉवरवर चेहरा मागच्या उन्हाइतकाच उजळ झाला आणि ते खोटे वाटले. अर्ध्या पॉवरवर तो मागच्या दृश्यापेक्षा थोडा गडद राहिला, आणि सूर्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांना जसा दिसतो तसाच दिसला. शिवाय अर्ध्या पॉवरवर फ्लॅश सव्वादोन सेकंदांत भरतो, त्यामुळे बोलता बोलता चित्रे घेता आली.

काकांचे चित्र झाले. दोन्ही बाहुल्यांमध्ये वरच्या कडेला छत्रीचा छोटा गोल ठिपका आहे आणि नीट पाहिले तर त्यात छत्रीच्या काड्याही मोजता येतात. तो ठिपका नसलेली चित्रे मी शेजारी ठेवून पाहिली. त्यांतले डोळे विझल्यासारखे वाटतात.

१७ जानेवारी

एफ/११ वर मागची भिंत, तारा आणि वाळत घातलेले कपडे सगळेच रेखीव येते. पार्श्वभूमी विरघळावी म्हणून आज मावशींचे चित्र एफ/८ आणि १/४००, मग एफ/५.६ आणि १/८०० असे घेत गेलो. सिंक स्पीड ओलांडतो आहे हे माहीत होते, पण तेवढ्याने काय बिघडते ते पाहू, असा विचार केला. सिंक स्पीडहून वेगवान शटरचा पडदा फ्लॅश उडताना पूर्ण उघडा नसतो, म्हणून चौकटीचा एक भाग फ्लॅशविना राहतो. तेथे काळा पट्टा आला असता तर लगेच लक्षात आले असते. तसा आला नाही. कॅमेरा उभा धरला असल्याने न उजळलेला भाग खाली न येता उजव्या बाजूला आला, आणि दिवसाचा उजेड असल्यामुळे तो काळा न दिसता नुसताच मंद दिसला. मला ती झाडाची सावली वाटली. मी मावशींना दोनदा जागा बदलायला लावली, छत्री हलवली, एक फांदी बाजूला धरायला लावली, आणि सावली प्रत्येक चित्रात त्याच जागी कायम राहिली. माणूस हलला, झाड बदलले, तरी सावली चौकटीत जागची हलत नाही, तेव्हा ती सावली नसून शटरचा पडदा असतो. हे कळायला मला दीड तास लागला.

माझा साधा ट्रिगर एकाच पिनेचा, म्हणजे फक्त उडण्याचा इशारा पोहोचवणारा असल्याने कॅमेऱ्याला फ्लॅश जोडलेला आहे हेच कळत नव्हते, म्हणून त्याने मला अडवलेही नाही. हाय स्पीड सिंक (सिंक स्पीडहून वेगवान शटरलाही फ्लॅश वापरू देणारी सोय) चालवणारा दुसरा ट्रिगर आज घेतला. पहिला ट्रिगर यामुळे वाया गेला. सुरुवातीलाच ही सोय असलेला घेतला असता तर एकाच खरेदीत भागले असते.

१८ जानेवारी

नव्या ट्रिगरवर हाय स्पीड सिंक लावून एफ/२.८ आणि १/३२०० घेतले. मागची भिंत सुंदर विरघळली, पण दीड मीटरवरून पूर्ण पॉवरनेही चेहरा अंधाराच राहिला. या पद्धतीत फ्लॅश एकदाच न उडता शटरची फट सरकत असताना अतिशय वेगाने लुकलुकत राहतो आणि त्यात त्याचा उजेड बराच खर्ची पडतो. माझ्या फ्लॅशला उन्हाच्या तुलनेत सुमारे दोन स्टॉपचा फटका बसला. तो भरून काढायला छत्री ७० सेंटीमीटरवर आणावी लागली, म्हणजे केवळ डोके आणि खांदे एवढेच चौकटीत बसू लागले. तेही चालले असते, पण तिसाच्या आसपास चित्रे झाल्यावर फ्लॅशने तापल्याची खूण दाखवली आणि तो उडेनासा झाला. सावलीत ठेवून, सेल काढून, पंधरा मिनिटे वाट पाहिली. मावशी कालपासून दुसऱ्यांदा ताटकळल्या. त्यांनी तक्रार केली नाही, पण चेहऱ्यावरचा मोकळेपणा गेला तो गेलाच, आणि त्या दिवशीचे एकही चित्र मला आवडले नाही.

२४ जानेवारी

हाय स्पीड सिंक बाजूला ठेवून लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला. शटर १/२०० वरच राहते, अ‍ॅपर्चर एफ/११ वरून एफ/४ पर्यंत उघडते आणि फिल्टर ऊन व फ्लॅश दोन्ही सारखेच अडवत असल्याने त्यांचे आपापसातले प्रमाण ११ तारखेला ठरले होते तेच राहते. फ्लॅश पुन्हा दीड मीटरवर, अर्ध्या पॉवरवर. तापणे थांबले. ८५ मि.मी.वर एफ/४ इतके उघडले की कमरेपर्यंतच्या चित्रात मागचे कपडे नुसते रंगाचे डाग होतात, आणि मला एफ/२.८ ची गरज नव्हती हे कळले.

अडचणी दोन आल्या. उन्हात ऑटोफोकस ठीक चालला, पण झाडाच्या सावलीत तो मागेपुढे शोधत राहिला. तेथे फिल्टर काढून, फोकस धरून, लेन्स मॅन्युअलवर टाकून मग फिल्टर पुन्हा चढवावा लागला आणि तोवर माणसाने मान हलवलेली असे. दुसरे म्हणजे हा फिल्टर त्वचेला हलकी जांभळी झाक देतो. पहिल्या चित्रात करडे कार्ड हातात धरायला दिले की ती नंतर एका फटक्यात निघते. हे कार्ड मी आज निम्म्या चित्रांनंतर वापरले, म्हणून आधीच्या निम्म्या चित्रांवर उगाच दोन तास बसावे लागले.

२५ जानेवारी

आज नुकसान झाले. टेकडीच्या उतारावर बसलेल्या आजोबांचे चित्र घेत असताना वाऱ्याची एक झुळूक आली, छत्री शिडासारखी फुगली आणि स्टँड आडवा झाला. छत्रीची एक काडी वाकली, ती सरळ करता आली. फ्लॅश मात्र दगडावर पडला. त्याचा खालचा प्लॅस्टिकचा पाय मुळापासून तडकला आणि आतल्या बारीक तारा उघड्या पडल्या. स्टँड आजोबांपासून हातभर अंतरावर पडला. त्यांच्या अंगावर पडला असता तर, या विचाराने मी अजून अस्वस्थ आहे, आणि म्हणून ही नोंद विस्ताराने लिहितो.

स्टँडच्या तीन पायांपैकी एक पाय, स्टँड ज्या दिशेला पडण्याचा संभव आहे त्या दिशेला, म्हणजे वारा ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूला, यायला हवा होता. माझ्या स्टँडचे दोन पाय त्या बाजूला होते आणि तो त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून कलंडला. पाय पुरेसे फाकवलेले नव्हते. वाळूची पिशवी गाडीत होती, "पाच मिनिटांचेच तर काम आहे" म्हणून खाली आणली नव्हती. पिशवी मधल्या दांड्याला टांगताना तिचा तळ जमिनीला जेमतेम टेकलेला असावा, नाहीतर ती वाऱ्यात हेलकावे घेऊन स्टँडलाच ओढते. आणि पाने सळसळत असतील तर पिशवी असूनही स्टँडला एका माणसाचा हात लागलेला असलाच पाहिजे. यापुढे सोबत कोणी नसेल तर वाऱ्यात छत्री उघडायची नाही, असे ठरवले आहे.

१ फेब्रुवारी

फ्लॅश दुरुस्तीला गेला आहे; एकूण नऊ दिवस लागतील असे सांगितले आहे. आज उरलेल्या सगळ्या जागा कॅमेऱ्याशिवाय पाहून आलो. प्रत्येक ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी सूर्य माणसाच्या पाठीशी यायला खुर्ची कोठे ठेवावी लागेल आणि त्या खुर्चीमागे काय दिसेल, हे वहीत काढून घेतले. हे काम पहिल्या दिवशी केले असते तर काकांना दोनदा बसावे लागले नसते.

८ फेब्रुवारी

फ्लॅश परत आला. वारा होता, म्हणून आज छत्री न लावता नुसताच फ्लॅश स्टँडवर लावला, पायाला पिशवी बांधली आणि धाकट्या भावाला स्टँड धरून उभे केले. उघड्या फ्लॅशचा उजेड कडक असतो, त्यामुळे मी तो आजवर टाळत होतो. पण पाठीमागून येणारे ऊनही कडकच असते आणि दोन्ही उजेडांची जात जुळल्यामुळे चित्र खरे वाटले. हनुवटीखालची सावली धारदार आली, मामांच्या रापलेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्याला ती शोभली. छत्रीत जाणारा उजेड वाचल्याने स्टँड तीन मीटरवर नेऊनही चौथाई पॉवर पुरली. नाजूक त्वचेच्या माणसाला मी हा प्रकार वापरणार नाही.

१४ फेब्रुवारी

आत्या चष्मा लावतात आणि चष्म्याशिवाय त्यांचे चित्र काढणे मला मान्य नव्हते. पहिल्या वीस चित्रांत दोन्ही काचांमध्ये पांढरी छत्री पूर्ण दिसते आहे. स्टँड वर चढवला, अधिक बाजूला नेला, तरी एक काच पांढरीच राहिली. शेवटी चष्म्याच्या दांड्या कानांवरून अगदी थोड्या वर उचलून काचा खाली झुकवल्या आणि आत्यांना हनुवटी बोटभर खाली घ्यायला सांगितले, तेव्हा प्रतिबिंब काचेच्या वरच्या कडेबाहेर गेले. स्टँड फार वर गेल्यामुळे आता डोळ्यांतला ठिपका बारीक झाला आणि मानेखाली सावली आली. मांडीवर पांढरा रुमाल पसरल्यावर ती बरीच उजळली.

संध्याकाळी ऊन सोनेरी झाल्यावर चेहरा पांढराफटक आणि बाकी सगळे दृश्य पिवळे, असे चित्र येऊ लागले. आत्या दुसरीकडून कापून चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. फ्लॅशच्या तोंडाला पाव ताकदीची नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) चिकटपट्टीने लावली, ती कमी पडली. अर्ध्या ताकदीची लावल्यावर चेहरा आणि ऊन एकाच वेळेचे वाटू लागले. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ५५०० केल्विनवर बांधून ठेवला होता; ऑटोवर ठेवला असता तर कॅमेऱ्याने जेलचा परिणाम पुसून टाकला असता. अर्ध्या जेलने साधारण अर्ध्या ते पाऊण स्टॉपचा उजेड खाल्ला, तेवढी पॉवर वाढवली.

१५ फेब्रुवारी

आजोबांना पुन्हा टेकडीवर नेले. स्टँडला पिशवी, भावाचा हात, एक पाय उताराच्या बाजूला. मावळतीचा उजेड दर दोन-तीन मिनिटांनी उतरत होता आणि सुरुवातीला मी सवयीने अ‍ॅपर्चर उघडत गेलो, त्यामुळे आकाशाबरोबर चेहराही उजळत गेला आणि पाच-सहा चित्रे जळाली. फ्लॅश क्षणार्धात उडून विझतो, त्याच्या उजेडावर शटर किती वेळ उघडे राहिले याचा परिणाम होत नाही. म्हणून अ‍ॅपर्चर एफ/४ वर आणि फ्लॅशची पॉवर आहे तेथेच ठेवून केवळ शटर १/२०० वरून १/१२५, १/१०० आणि १/६० असे खाली आणत गेलो. चेहरा शेवटपर्यंत एकसारखा राहिला आणि मागचे आकाश मला हवे तितके गडद वा उजळ करता आले. १/३० वर मात्र आजोबांनी मान वळवल्याबरोबर गालाच्या कडेला आकाशाचा पुसट ओघळ आला, म्हणून तेथून परत फिरलो.

सूर्य बुडाल्यावर आकाश निळे होऊ लागले आणि अर्ध्या जेलने चेहरा फार नारिंगी दिसायला लागला, तेव्हा पाव जेल लावली. ठेवलेले चित्र असे आहे : आयएसओ १००, १/६०, एफ/४, छत्री दीड मीटरच्या गाठीवर, पॉवर १/८ आणि वर एक तृतीयांश स्टॉप. या पॉवरवर फ्लॅश लगेच भरत असल्याने आजोबा गोष्ट सांगत असतानाच मी सलग चित्रे घेतली, आणि निवडलेले चित्र त्यांनी हात हवेत उचलला त्या क्षणाचे आहे.

नऊ चित्रे झाली, मावशींचे धरून तीन उरली. मावशींना या वेळी सकाळी, ऊन कोवळे असताना बसवणार आहे आणि स्टँड, पॉवर, करडे कार्ड सगळे त्या बाहेर येण्याआधी भावाला खुर्चीत बसवून ठरवून ठेवणार आहे.